टोचन लावण्याआधी: रुतलेली गाडी काढताना काय चुकतं (अनुभव आणि प्रश्न)

चिखलदरवेशी | ४ जून, रात्री १०:४०

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी मुळशीच्या फुगवट्यात गाडी रुतवली. रुतवली असंच म्हणतो, कारण ती आपोआप रुतत नाही. पाणी आटलेलं, जमिनीला हातभर लांब भेगा, वरून गुरांच्या वाटा गेलेल्या. मला वाटलं, गुरं जातात तर गाडी का नाही? वरचं कवच दोन बोटं जाड होतं आणि खाली गाळ लोण्यासारखा. पुढची दोन्ही चाकं गेल्यावर मी जे करू नये तेच केलं, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकून अ‍ॅक्सिलरेटर दिला. अर्ध्या मिनिटात गाडीचं पोट टेकलं.

बरोबर मित्राची गाडी होती. त्याने घट्ट जमिनीवर, माझ्याकडे पाठ करून गाडी लावली आणि डिकीतली साखळी काढली. आपल्याकडे प्रत्येकाच्या डिकीत कुणीतरी दिलेली एक साखळी असतेच. माझ्या मागच्या बंपरखाली एक कडी दिसत होती, तिच्यात हुक अडकवला. पहिल्यांदा हळू ओढलं, गाडी हलली नाही. मग मित्र म्हणाला, "थोडा झटका देतो." साखळी ढिली सोडून तो पुढे सुटला.

आवाज एकच आला. कडी मुळातून उपटली, साखळीचं टोक उलटं गेलं आणि त्याच्या गाडीची मागची काच खाली. माझा अकरा वर्षांचा भाचा त्याच गाडीच्या मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून काचेतून व्हिडिओ काढत होता. एक चप्पल चिखलात राहिली म्हणून रडायला लागला, म्हणून बायकोने दोन मिनिटांपूर्वी त्याला उतरवलं होतं.

शेवटी गाडी निघाली ती फावड्याने. जवळच्या वाडीतले दोघे जण आले. त्यांनी आधी साखळी बाजूला फेकली, चाकांच्या मागे उतार खणला, पोटाखालचा गाळ हातांनी ओढून काढला, चाकांमागे करवंदीच्या फांद्या घातल्या. पाऊण तास खणलं आणि मग मित्राच्या गाडीने साध्या पट्ट्याने, अजिबात झटका न देता ओढलं. पाच सेकंदांत बाहेर.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा आहे. ती कडी एवढी जाड दिसत होती, मग उपटली कशी? आणि मुळात ओढायचं कुठून? जाणकारांनी लिहावं.

---

पाना_पक्कड | ५ जून, सकाळी ८:१२

गॅरेज चालवतो म्हणून लिहितो. ती कडी ओढण्यासाठी नव्हतीच. कारखान्यातून गाडी ट्रेलरवर चढवून शोरूमला आणतात, तेव्हा ती ट्रेलरला आवळून बांधायला अशा कड्या असतात. स्थिर ताण सहन करतात. झटका सहन करायला त्या बनवलेल्याच नसतात. काही गाड्यांत तर पातळ पत्र्याला दोन टाके वेल्डिंग असतं.

ओढायची जागा म्हणजे जी चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) जाड बोल्टांनी बसवलेली असते ती. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच पडलेलं असतं. त्यात चित्र काढून दाखवलेलं असतं.

कुठे बांधू नये ते सांगतो, कारण हे सगळं मी दुरुस्तीला आलेलं पाहिलं आहे: बंपर, अ‍ॅक्सल (ब्रेकची नळी चिमटते), स्टेअरिंगचा रॉड, सस्पेन्शनचा आर्म आणि मागे बसवलेला ट्रॉलीचा गोळा. गोळा सगळ्यात वाईट. तो तुटला की तोफगोळाच. ऑस्ट्रेलियात त्याने माणसं मेली आहेत.

---

निमूट | ५ जून, सकाळी ९:३०

भाच्याचं वाचून पोटात गोळा आला. (दुसऱ्या अर्थाने.)

माझी हॅचबॅक आहे. पुढच्या बंपरवर एक चौकोनी झाकण आहे आणि टूल किटमध्ये डोळ्यासारखा आटे असलेला रॉड. तो चालतो का?

---

पाना_पक्कड | ५ जून, सकाळी ९:५५

@निमूट ताई, तो बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावरून सरळ रेषेत ओढायला आहे. पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा, पान्याचा दांडा डोळ्यात घालून शेवटी आवळा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून बसतो. बसत नाही म्हणून जबरदस्ती करू नका. चिखलातून काढायला हळू, सरळ ताण द्यायला हरकत नाही. तिरकं ओढलं की वाकतो, झटका दिला की उपटतो.

---

बारदान | ५ जून, सकाळी ११:०५

एवढं काय त्यात? चार माणसं बोलवा, "एक दोन तीन" म्हणा, ढकला. आमच्या लहानपणी एसटी रुतली की अख्खी गाडी उतरून ढकलायची. ना शॅकल ना मॅकल. हल्ली सगळ्याचा कोर्स झालाय.

---

पाना_पक्कड | ५ जून, सकाळी ११:२०

@बारदान ढकलायला ना नाही. पण ढकलताना चाकाच्या सरळ मागे उभे राहू नका. लोक चाकाखाली दगड, वीट, फळी घालतात आणि तिथेच मागे उभे राहून "दे रे" म्हणतात. चाक ती फळी मागे फेकतं. माझ्या ओळखीच्या एकाच्या नडगीचं हाड असंच गेलं. गाडीच्या कोपऱ्याला हात लावा, चाकाच्या रेषेतून बाहेर. आणि चढावर रुतलेली गाडी खालून ढकलू नका, ती मागे आली तर पळायला पाय चिखलातून निघत नाहीत.

---

त्रैराशिक | ५ जून, दुपारी १:४८

कडी का उपटली याचा ढोबळ हिशोब मांडतो. गणिताचा कंटाळा असेल त्यांनी शेवटची ओळ वाचा.

मित्राची गाडी माणसांसकट २००० किलो धरू. साखळी ढिली सोडून तो सुटला, ताठ होताना वेग समजा ताशी १० किमी. तेवढ्या वेगात तिच्यात साधारण ७७०० ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे ५० किलोची सिमेंटची गोणी पाचव्या मजल्यावर चढवायला लागेल इतकी. वेग २० केला तर दुप्पट नाही, चौपट.

आता ही ऊर्जा किती अंतरात जिरते त्यावर सगळं आहे. साखळी ताणत नाही. साखळी, कडी, चेसी सगळं मिळून ५ सेंमी दिलं असं धरलं, तर सरासरी बल येतं १५ टनांच्या वजनाइतकं. हेच ९ मीटरचा नायलॉनचा कायनेटिक दोर वापरला आणि तो २० टक्के ताणला, तर अंतर झालं १.८ मीटर आणि सरासरी बल साडेचारशे किलोच्या आत. शेवटच्या क्षणीचं बल याच्या दुप्पट धरा. तरी कुठे १५ टन आणि कुठे एक टन!

थोडक्यात, कडी निकृष्ट नव्हती. तिच्यावर सात-आठ गाड्या टांगल्या गेल्या.

---

चिखलदरवेशी | ५ जून, दुपारी २:१५

@त्रैराशिक सात-आठ गाड्या! हे मित्राला पाठवलं. तो अजून काचेच्या बिलावर अडकलाय.

म्हणजे कायनेटिक दोर घेतला की झटका देऊन चालतं?

---

विंचवाचं_बिऱ्हाड | ५ जून, संध्याकाळी ७:०२

चालतं, पण 'झटका' हा शब्द काढून टाका. दोर ताणतो तसा तो रबरासारखा परत ओढतो, त्यालाच आपण काम करू देतो. दोर इंग्रजी 'एस'सारखा जमिनीवर सोडायचा, ओढणाऱ्याने पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने निघायचं, रुतलेल्यानेही त्याच वेळी हलका अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. दोनदा-तीनदा करून नाही आली तर थांबा, परत फावडं. जोर वाढवू नका.

दुकानात दोन पट्टे सारखेच दिसतात, तिथे गल्लत होते. नायलॉनचा ताणतो, तो गाडी उपसायला. पॉलिएस्टरचा जवळजवळ ताणत नाही, तो झाडाला गुंडाळायला किंवा विंचची (गाडीवर बसवलेलं, तार गुंडाळून ओढणारं यंत्र) तार लांबवायला. पॉलिएस्टरच्या पट्ट्याने झटका म्हणजे साखळीच, फक्त रंगीत.

दोन पट्टे जोडायचे असतील तर मध्ये शॅकल (पिनेने बंद होणारी लोखंडी कडी) नको. एक पट्टा तुटला की ते लोखंड हवेत. एकाचा फास दुसऱ्यातून ओवून घ्या आणि गाठीत गुंडाळलेलं मासिक किंवा लाकडाची काठी घाला, नाहीतर नंतर गाठ सुटत नाही. आम्ही जुना दिवाळी अंक ठेवतो. त्याला वाचक मिळाला नाही, काम मिळालं.

शॅकलवर आकडा कोरलेला असेल तरच घ्या. ४.७५ टन लिहिलेली कमान शॅकल १९ मिमी जाड असते, आपल्या गाड्यांना तीच बरी. हार्डवेअरच्या दुकानातली गुळगुळीत, आकडा नसलेली नको. पिन पूर्ण आवळून पाव आटा सैल करायची. ताण आल्यावर ती जाम होते आणि मग पाना_पक्कड यांच्याकडे जावं लागतं.

---

औताचा_धनी | ५ जून, रात्री ९:१८

शहरातली मंडळी चर्चा करतात गाडी-गाडीची. प्रत्यक्षात तुमची गाडी काढायला येतो तो आमचा ट्रॅक्टर. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

ट्रॅक्टरला साखळी लावायची ती खाली, ड्रॉबारला (मागच्या ओढायच्या दांडीला). तुमच्यातलाच कुणीतरी उत्साही येतो आणि वर टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या) जागी अडकवतो, 'उंचावरून चांगलं ओढेल' म्हणून. मागची चाकं चिखलात घट्ट बसली, गाडी हलेना आणि वरून ओढ बसली की ट्रॅक्टर स्वतःच्याच मागच्या चाकांभोवती फिरून पुढून उठतो. क्लचवर पाय जाईपर्यंत उलटलेला असतो. स्टेअरिंग छातीवर. आमच्या तालुक्यात असं एकदा झालंय, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ड्रॉबारला, खालून, लो गिअरमध्ये, हळूहळू. पुढची चाकं उचलली की लगेच क्लच.

दुसरं, जेसीबीवाल्याला बोलवाल तर बादलीच्या दातात दोर अडकवू देऊ नका, दात दोर कापतो. आणि त्याला सांगा, "दादा, अगदी सावकाश." त्याला तुमची गाडी आणि मुरमाचा ढीग यात फरक वाटत नाही. गाडी निघते, पण चेसी पुढे येते आणि बंपर तिथेच राहतो.

आणि हो, पेरलेल्या रानातून गाडी घालून रुतवलीत तर आधी शेतकऱ्याला भेटा. मग ट्रॅक्टरचं बोला. काळ्या रानात पहिल्या पावसानंतर तर येऊच नका. चाक फिरलं की माती टायरच्या खाचांत बसते आणि टायर भाकरीच्या तव्यासारखा गुळगुळीत होतो. मग फोर बाय फोर असो नाहीतर सिक्स.

---

बारदान | ५ जून, रात्री ९:४०

टॉप लिंकचं माहीत नव्हतं. मागच्या वर्षी आम्ही तसंच ओढलं होतं. शब्द मागे घेतो.

---

खाजणातली_पाणकोंबडी | ६ जून, सकाळी ७:२५

कोकणातून. तुमच्या गाळाचं ठीक आहे, तो पळून जात नाही. आमच्याकडे घड्याळ चालू असतं.

दर सुट्टीत एक तरी गाडी पुळणीवर. पाण्याच्या कडेची ओली वाळू कडक वाटते म्हणून तिथे नेतात, फोटोसाठी थांबतात. लाट परत जाताना चाकाखालची वाळू घेऊन जाते. इंजिन बंद ठेवा की चालू, प्रत्येक लाटेला गाडी बोटभर खाली. मग धावाधाव, "कुणी ट्रॅक्टर आणा". तोवर भरती.

आमच्याकडचे जुने लोक भरती तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. एकादशीला सव्वा आठ. दिवसा आणि रात्रीही साधारण तीच. त्यापुढे सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी नेहमीपेक्षा बरंच वर येतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा कमी. रुतल्यावर पहिला प्रश्न 'कशाने ओढू' हा नाही. 'पाणी चढतंय की उतरतंय' हा. चढत असेल आणि वेळ थोडा असेल तर माणसं, कागदपत्रं, मोबाईल बाहेर काढा आणि गाडीचा नाद सोडा. बुडत्या गाडीखाली खणायला कुणाला पाठवू नका.

खारं पाणी इंजिनात गेलं असेल तर "एकदा स्टार्टर मारून बघू" नको. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तशीच उचलून न्या.

गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं कायद्याने बंद आहे, आपल्याकडेही अनेक ठिकाणी गुन्हे दाखल होतात. तरी येतातच.

---

मस्कतकर_काका | ६ जून, सकाळी १०:१०

वाळूचं निघालं म्हणून. इथे ओमानमध्ये वाहिबाच्या वाळूत शिरण्याआधी सगळ्या गाड्या एका ओळीत थांबतात आणि फुस्सऽऽ असा एकच आवाज. ३५ पीएसआयची हवा १५ ते १८ वर. टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांब होतो, वजन पसरतं. ज्या गाड्या रुतल्यात, त्यांतल्या निम्म्या नुसती हवा कमी करून मागच्या मागे निघतात, दोर लागतच नाही.

१२ च्या खाली मात्र नको, वळताना टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असताना वेग कमी, वळण मोठं. आणि डांबरावर यायच्या आधी परत भरा, नाहीतर टायर तापून फुटतो. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप चालेल, पण वेळ लागतो. चहाचा थर्मास ठेवा.

इथे दुसरा नियम: थांबायचं ते उतारावर तोंड करून. आणि थांबताना ब्रेक मारायचा नाही, गाडीला तिची ती थांबू द्यायची. ब्रेक मारला की चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो.

---

चिखलदरवेशी | ६ जून, सकाळी १०:३५

काका, हवा कमी करायचं आम्हाला सुचलंच नाही. मुळशीला डिकीत पंप होता!

विंच घ्यावी का यावर कुणी सांगेल? गाडी माणसांसकट सव्वादोन टनांच्या आसपास आहे.

---

विंचवाचं_बिऱ्हाड | ६ जून, दुपारी १२:४४

विंच गाडीच्या पूर्ण भरलेल्या वजनाच्या दीडपट तरी हवी. म्हणजे तुम्हाला साडेतीन टनांच्या पुढे. बाजारात ९५०० पौंडांची मिळते, ती साधारण ४३०० किलो. पण तो आकडा ड्रमवर तारेचा पहिला थर असतानाचा. वर थर असतील तसा जोर कमी होतो. म्हणून तार भरपूर सोडा, पण ड्रमवर निदान पाच वेढे राहू द्या, सिंथेटिक दोर असेल तर आठ-दहा.

किती जोर लागेल याचा लष्करी रिकव्हरीतला ढोबळ हिशोब: चाकापर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतका, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट. म्हणून वाडीवाल्यांनी खणलं ते बरोबर. पाऊण तास खणून त्यांनी तुमची दोन टनांची ओढ वाचवली.

स्नॅच ब्लॉक म्हणजे कप्पी. तार झाडाच्या कप्पीतून फिरवून गाडीला परत आणली की जोर दुप्पट, वेग निम्मा. पण इथे एक गोष्ट भलेभले विसरतात: कप्पी ज्या झाडाला बांधली त्या झाडावर तारेच्या ताणाच्या दुप्पट भार येतो. पट्टा, शॅकल, झाड तिघांनी तो घ्यायचा. पांगारा, शेवरी असलं मऊ लाकूड नको. वाळलेलं झाड अजिबात नको. ऐन, जांभूळ, जुना आंबा, तोही बुंध्याच्या तळाशी आणि रुंद पट्ट्याने. नुसती तार गुंडाळली की साल कापून झाड मरतं.

ताणलेल्या तारेवर एखादं ओलं पोतं किंवा जाड गोधडी टाकून ठेवा, तुटली तर ती खाली दाबली जाते. तारेवरून पाय टाकून कुणी ओलांडायचं नाही. बघे तारेच्या लांबीच्या दीडपट तरी दूर, तेही बाजूला. ताणाच्या रेषेत कुणीच नाही, ना पुढे ना मागे. दोन्ही गाड्यांत फक्त चालक, बाकी सगळे खाली. आणि इशारे एकाच माणसाने करायचे. सहा जण "घे, घे, थांब, अरे घे" ओरडतात तेव्हाच अपघात होतो.

---

निमूट | ६ जून, दुपारी ३:२०

मी शेवटी एक विचारते. मुलं गाडीत होती, पाऊस होता, आम्ही काच लावून एसी चालू ठेवून मदतीची वाट पाहत दीड तास बसलो होतो. मागची बाजू चिखलात. नंतर सगळ्यांची डोकी दुखत होती. त्याचा काही संबंध?

---

पाना_पक्कड | ६ जून, दुपारी ३:२८

@निमूट ताई, नक्की सांगता येणार नाही, पण असू शकतो. सायलेन्सरचं तोंड चिखलात गेलं की धूर खालून केबिनमध्ये येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पुन्हा असं झालं तर आधी सायलेन्सर मोकळा करा. जमत नसेल तर इंजिन बंद, काच खाली, भिजलात तरी चालेल.

सड्यावर (कातळाच्या पठारावर) उन्हाळ्यात उलटी भानगड. गवत सुकलेलं आणि पोट टेकलेलं, गरम सायलेन्सरने ते खालून पेट घेतं. तेव्हा गवत आधी उपटा.

---

चिखलदरवेशी | ९ जून, रात्री ११:०२

सगळ्यांचे आभार. काल डिकी रिकामी केली. साखळी भंगारात दिली, साडेसहा किलो भरली. आता आत आहे: लहान दांड्याचं फावडं, ९ मीटरचा नायलॉन दोर, झाडाचा पट्टा, ४.७५ च्या दोन शॅकल, चामडी हातमोजे, हवा मोजायचं मीटर, पोतं आणि जॅकखाली घालायला अर्धा पाट. (पाट आईचा. तिला अजून माहीत नाही.) मागे चेसीला बसणारा हुक पाना_पक्कड यांना विचारून लावून घेतला.

एक राहिलं. मुळशीहून येताना ताशी ६० च्या वर स्टेअरिंग थरथरत होतं. वाटलं अ‍ॅक्सल गेला. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसला होता, एका चाकात अडीच मूठ निघाला. पाण्याच्या फवाऱ्याने धुतल्यावर बंद झालं.

---

पाना_पक्कड | १० जून, सकाळी ८:०५

रेडिएटरच्या जाळीतूनही धुऊन घ्या, आणि ब्रेक चार-पाच वेळा दाबून कोरडे करा. त्या उपटलेल्या कडीचा फोटो टाका ना, वेल्डिंग कुठून सुटलं बघू.

---

चिखलदरवेशी | १७ ऑगस्ट, रात्री ९:३३

उत्तराला उशीर झाला. कडी सापडली नाही. त्या दिवशीही तासभर शोधली होती, भाच्याने चप्पल शोधली तेवढ्यात. काल तिथून गेलो, धरण भरलंय. जिथे काच फुटली तिथे आता दोन पुरुष पाणी आहे.